गांजाचा वास काय सांगतो आणि काय सांगत नाही?

आजचा लेख एका बाटलीबद्दल आहे आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल. चूक आधी सांगतो, म्हणजे पुढचं शास्त्र कशासाठी वाचायचं ते तुमच्या लक्षात येईल.

माझ्याकडे बऱ्याच वर्षांपासून एक निवृत्त मुख्याध्यापक येतात. मी त्यांना 'सर' म्हणतो. त्यांच्या हृदयाची एक झडप बदललेली आहे आणि तिथे धातूची कृत्रिम झडप बसवली आहे. अशा झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून वॉरफॅरिन नावाची रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. गोळीचा डोस बरोबर आहे की नाही हे आयएनआर या रक्ततपासणीवरून कळतं. सरांचा आयएनआर २.५ ते ३.५ च्या दरम्यान राहायला हवा. खाली गेला तर गुठळीची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची. सर शिस्तीचे. प्रत्येक रिपोर्ट तारखेसह वहीत लिहून आणतात.

एकदा नेहमीची तपासणी झाल्यावर उठता उठता ते म्हणाले, "डॉक्टर, हल्ली झोप नीट लागत नाही. मुलगी कॅलिफोर्नियाहून आली होती, तिने झोपेसाठी एक सुगंधी तेल आणलंय. वापरून पाहू का?"

बाहेर दहा-बारा पेशंट खोळंबले होते. मी 'सुगंधी तेल' एवढंच ऐकलं. डोळ्यांपुढे कपाळाला चोळायचं तेल आलं. म्हणालो, "वापरा की सर, त्यात काय!"

पाच आठवड्यांनी सर आले ते हातात रिपोर्ट घेऊनच. आयएनआर ५.८. दात घासताना हिरड्यांतून रक्त येत होतं आणि दंडावर आपोआप उमटलेला काळानिळा डाग होता. मी नेहमीचे प्रश्न विचारले. नवीन अँटिबायोटिक? नाही. दुखण्याची गोळी? नाही. पालेभाजी एकदम बंद केली? नाही. काढा, चूर्ण, कुणी दिलेली पुडी? तेही नाही. गोळी चुकून दोनदा घेतली? सरांनी नुसती वही पुढे केली.

मग त्यांच्या पत्नीने पिशवीतून एक लहानशी काळी बाटली काढली. "डॉक्टर, रात्री जिभेखाली हे थेंब घेतात तेवढे. तुम्हीच म्हणालात ना, चालेल म्हणून?"

मी झाकण उघडलं. आधी कैरीचा वास आला, मागोमाग काळ्या मिऱ्यासारखी झणक आणि शेवटी संत्र्याच्या सालीचा. छान वास होता, खोटं कशाला सांगू! लेबलवर लिहिलं होतं: सीबीडी, थोडं टीएचसी आणि खाली मायर्सीन, लिमोनीन, कॅरियोफायलीन. बाजूला 'इंडिका, शांत झोपेसाठी'. म्हणजे ते गांजाच्या झाडाचं तेल होतं.

"वासावरूनच कळतं डॉक्टर, अस्सल आहे," सर म्हणाले. "कैरीचा वास येतो म्हणजे मायर्सीन. मायर्सीन म्हणजे झोप. मुलीने तिथल्या दुकानात वास घेऊनच निवडलं."

सरांच्या या वाक्यातला काही भाग खरा आहे, काही अर्धवट खरा आहे आणि जो भाग त्यांच्या जिवावर बेतू शकला असता तो त्यात आलेलाच नाही. आज हे तीन भाग वेगळे करून सांगतो.

टर्पीन म्हणजे काय?

संत्रं सोलताना हाताला जो वास लागतो तो मुख्यतः लिमोनीनचा. धणे कुटताना येणाऱ्या वासात मोठा वाटा लिनॅलूलचा. काळ्या मिऱ्याच्या आणि लवंगेच्या वासात कॅरियोफायलीन असतं. टर्पेंटाइनच्या वासात पायनीन. कैरीच्या वासात इतर रसायनांबरोबर मायर्सीनही असतं. ही सगळी टर्पीन कुळातली रसायनं. पाच-पाच कार्बनच्या कड्या एकमेकींना जोडून वनस्पती ती तयार करतात. दोन कड्या जोडल्या की मायर्सीन, लिमोनीन, पायनीन यांसारखी हलकी, चटकन उडून जाणारी टर्पीनं होतात. तीन जोडल्या की कॅरियोफायलीनसारखी जरा जड, जास्त टिकणारी.

वनस्पती हे तुमच्या-आमच्यासाठी बनवत नाहीत. किडीला दूर ठेवणं, मधमाशीला बोलावणं, बुरशीशी लढणं अशी त्यांची कामं असतात.

गांजाच्या झाडात नर आणि मादी झाडं सहसा वेगळी असतात. मादी झाडाच्या फुलांवर आणि फुलांजवळच्या बारीक पानांवर टाचणीच्या डोक्यासारख्या सूक्ष्म ग्रंथी असतात. भिंगातून पाहिल्या तर दवबिंदूंसारख्या चमकतात. वासाची टर्पीनं याच ग्रंथींत तयार होतात. टीएचसी आणि सीबीडी ही शरीरावर परिणाम करणारी रसायनंही मुख्यतः तिथेच बनतात. टीएचसी म्हणजे नशा आणणारं. सीबीडीने तशी नशा होत नाही, पण शरीरात ते बरंच काही करतं.

आता नीट लक्ष द्या. टीएचसी आणि सीबीडी यांना स्वतःचा म्हणावा असा वास नसतो. नाकाला जे कळतं ते त्यांच्या शेजाऱ्यांचं. चाळीतल्या एका खोलीत फोडणी पडली की वास सगळ्या मजल्यावर येतो, पण त्यावरून शेजारच्या खोलीत कोण राहतं ते कळत नाही. तसंच हे.

हापूसची कोय आणि गांजाचं बी

कोकणातल्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. हापूसची कोय लावली म्हणून हापूस मिळेलच असं नाही. त्या कोयीत दुसऱ्या आंब्याचा परागही आलेला असतो, म्हणून झाड वेगळं निघतं. तोच हापूस हवा तर कलम बांधावं लागतं.

गांजाचंही असंच आहे. नर झाडाचा पराग वाऱ्यावर दूरवर जातो, त्यामुळे बियांत सतत मिश्रण होत राहतं. एकाच झाडाच्या दहा बिया लावल्या तर दहा झाडांचे वास थोडेफार वेगळे येऊ शकतात. एकाला लिंबाचा, दुसऱ्याला मातीचा, तिसऱ्याला मिऱ्याचा. म्हणून व्यावसायिक उत्पादक आवडलेल्या मादी झाडाच्या फांद्या छाटून लावतात, आपण गुलाबाची काडी लावतो तशा.

हे वेगळेपण येतं कुठून? टर्पीन बनवायला झाडात विशिष्ट एन्झाइमं लागतात आणि प्रत्येक एन्झाइमचा आराखडा एकेका जनुकात असतो. गांजाच्या झाडात अशी तीसहून अधिक जनुकं सापडली आहेत. कच्चा माल जवळजवळ तोच, पण कोणतं एन्झाइम किती जोरात काम करतं त्यावर वासाचा तोंडवळा ठरतो. एकाच कणकेतून एका घरी पोळ्या जास्त होतात, दुसऱ्या घरी पुऱ्या. शिवाय ऊन, खत, हवामान आणि कापणीची वेळ यांमुळेही प्रमाण बदलतं. कापणीनंतर वाळवताना आणि साठवताना हलकी टर्पीनं उडून जातात, जड मागे राहतात. म्हणजे ताज्या फुलाचा वास आणि सहा महिन्यांनी बाटलीतला वास यांत फरक पडणारच.

टीएचसी आणि सीबीडीचा वारसा मात्र याहून खूप सोपा निघाला. दोन्ही एकाच पूर्वज रसायनापासून बनतात. एक एन्झाइम त्याचं टीएचसीकडे वळण लावतं, दुसरं सीबीडीकडे. (झाडात ती आम्लरूपात असतात, उष्णतेने त्यांचं टीएचसी आणि सीबीडी होतं. पण तो तपशील आज बाजूला ठेवू.) डी मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये शुद्ध टीएचसीवाल्या आणि शुद्ध सीबीडीवाल्या झाडांचा संकर केला. पहिल्या पिढीतल्या झाडांत दोन्ही रसायनं आली. त्यांच्या पुढच्या पिढीत एक भाग शुद्ध टीएचसी, दोन भाग मिश्र आणि एक भाग शुद्ध सीबीडी, असं साधारण १:२:१ प्रमाण मिळालं. शाळेत मेंडेलच्या वाटाण्यांचं गणित केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल.

म्हणजे एका झाडात दोन वेगळे वारसे चालू असतात. औषधी परिणामाचा वारसा थोड्या जनुकांचा आणि वासाचा वारसा अनेक जनुकांचा. दोन्ही एकाच ग्रंथीत राहतात, त्यामुळे ज्या फुलावर ग्रंथी दाट त्यात वासही जास्त आणि रसायनंही जास्त, असं बऱ्याचदा होतं. काही वास काही प्रकारांत वारंवार आढळतात, कारण त्यांचे पूर्वज एकच होते. पण कैरीचा वास देणारी जनुकं टीएचसीवाल्या झाडातही असू शकतात आणि सीबीडीवाल्या झाडातही. वास घेऊन आत काय आहे आणि किती आहे, हे ठरवता येत नाही.

नाकाने केलेली निवड

आमच्या पेशाशी नातं सांगणारा एक किस्सा मध्येच सांगतो. ब्रिटिश सरकारने १८९३-९४ मध्ये भारतात गांजा, भांग आणि चरस यांची चौकशी करायला आयोग नेमला होता. त्या काळी बंगालमध्ये नौगाव भागात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, सरकारी परवान्याने गांजाची शेती होत असे. तिथले शेतकरी एका जाणकाराला पैसे देऊन बोलवत. तो शेतात फिरून नर झाडं ओळखायचा आणि उपटून टाकायचा. त्याला पोद्दार म्हणत आणि इंग्रज त्याचा उल्लेख 'गांजा डॉक्टर' असा करत. नर झाडं गेली की मादी फुलांत बी धरत नाही आणि राळ जास्त सुटते. तो डॉक्टर फुलोऱ्याच्या अगदी सुरुवातीच्या खुणा पाहून काम करायचा. नुसत्या वासावर विसंबून त्याचंही भागत नव्हतं.

विसाव्या शतकात बहुतेक देशांनी गांजावर बंदी घातली. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या हौशी उत्पादकांनी अफगाणिस्तान, मेक्सिको, कोलंबिया अशा ठिकाणचं बियाणं मिळवून चोरून संकर केले. भाताच्या किंवा उसाच्या संकराची संशोधन केंद्रात नोंद राहते, तशी इथे राहिली नाही. प्रयोगशाळा नव्हती. त्यांच्याजवळ दोनच उपकरणं होती, स्वतःचं नाक आणि स्वतःला चढणारी नशा. त्यामुळे निवड होत गेली ती तीव्र वासाची आणि जास्त टीएचसीची. सीबीडी जाणवत नाही, म्हणून ते मागे पडलं. अमेरिकेत जप्त झालेल्या गांजात टीएचसीचं प्रमाण १९९५ मध्ये सरासरी सुमारे ४ टक्के होतं, २०१४ मध्ये ते सुमारे १२ टक्के झालं. 'आमच्या तरुणपणीही लोक ओढायचे, काही होत नव्हतं,' असं म्हणणाऱ्या आजोबांना मी हा आकडा सांगतो. ते झाड आता राहिलेलं नाही.

'इंडिका झोपेसाठी' या लेबलमध्ये किती तथ्य?

बाजारात समज असा की इंडिका म्हणजे शांत, सुस्त करणारी आणि सॅटिव्हा म्हणजे तरतरी आणणारी. २०२१ मध्ये नेचर प्लांट्स या नियतकालिकात याबद्दल एक चांगला अभ्यास आला. संशोधकांनी सुमारे ३०० नमुने तपासले. 'इंडिका' लेबल लावलेली झाडं एकमेकांची जवळची नातलग असतील असं वाटलं होतं, पण जनुकांची तुलना केल्यावर तसं फारसं दिसलं नाही. लेबलचा संबंध लागला तो मोजक्या टर्पीनांशी. मायर्सीन आणि आणखी काही मातकट वासाची टर्पीनं जास्त असली की लोक त्याला इंडिका म्हणत होते. थोडक्यात, लोक वास घेऊन नाव ठेवत आले आणि मग नावावरून गुण सांगत आले.

२०२२ मध्ये अमेरिकेतल्या सहा राज्यांतल्या जवळजवळ ९०,००० नमुन्यांची आकडेवारी पाहिली गेली. टर्पीनांच्या प्रमाणावरून त्यांचे ढोबळ तीन गट पडले, पण इंडिका-सॅटिव्हा ही लेबलं या गटांशी धड जुळली नाहीत.

आणखी एक गंमत. गांजाचा जो ओळखीचा उग्र, कुजकट दर्प असतो, तो बराचसा टर्पीनांचा नाहीच. २०२१ मध्ये संशोधकांनी दाखवलं की तो अत्यंत अल्प प्रमाणातल्या गंधकयुक्त रसायनांमुळे येतो. कांदा-लसणाच्या वासामागेही गंधकयुक्त रसायनं असतात. ती इतकी थोडी असतात की लेबलवर त्यांचं नावही येत नाही, तरी नाक त्यांनाच आधी पकडतं. तेव्हा नाकाला जे जास्त जाणवतं ते बाटलीत जास्त असतंच असं नाही.

मग टर्पीनांचा शरीरावर काहीच परिणाम नाही?

असंही मी म्हणणार नाही. शास्त्र इथे अजून काम करतंय आणि काही गोष्टी खरंच लक्ष वेधणाऱ्या आहेत.

२००८ मध्ये दिसून आलं की कॅरियोफायलीन आपल्या शरीरातल्या सीबी-२ नावाच्या ग्राहीला जाऊन चिकटतं आणि उंदरांमध्ये सूज कमी करतं. गांजातली रसायनं ज्या ग्राहींवर काम करतात त्यांपैकीच ही एक. मिऱ्यातलं रसायन इथे पोचतं याचं मलाही नवल वाटलं होतं. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधल्या संशोधकांनी २० निरोगी माणसांवर प्रयोग केला. टीएचसीच्या मोठ्या डोसबरोबर लिमोनीनचा सर्वांत मोठा डोस वाफेतून दिल्यावर टीएचसीमुळे येणारी घबराट कमी झाली. प्रयोग नीट आखलेला होता, पण माणसं वीस, तीही निरोगी. त्यावरून पेशंटला औषध लिहून देता येत नाही.

मायर्सीनने झोप येते या समजाचा आधार मुख्यतः प्राण्यांवरचे प्रयोग आहेत, तेही मोठ्या डोसचे. माणसांमध्ये बाटलीतल्या चार थेंबांइतक्या मायर्सीनने झोप लागते असा भक्कम पुरावा माझ्या वाचनात नाही. सगळी रसायनं एकत्र मिळून जास्त चांगलं काम करतात, ही कल्पना १९९० च्या दशकाच्या शेवटी मांडली गेली. कल्पना आकर्षक आहे, पण विक्रेत्यांनी ती सिद्ध झाल्यासारखी वापरली.

सरांच्या रक्तात काय घडलं?

वॉरफॅरिन काम करून झालं की आपलं यकृत त्याची विल्हेवाट लावतं. हे काम तिथली ठरावीक एन्झाइमं करतात. सीबीडी यातल्याच काही एन्झाइमांचं काम मंदावतं. मोरी तुंबली की नळ तेवढाच चालू असूनही पाणी साचत जातं ना, तसं. सर गोळी तेवढीच घेत होते, पण आधीची गोळी शरीरातून बाहेर पडत नव्हती. सीबीडी घेताना वॉरफॅरिनचा परिणाम वाढल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत.

हे फक्त वॉरफॅरिनपुरतं नाही. मुलांमधल्या काही अवघड फिट्सवर शुद्ध सीबीडीचं औषध अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालं. तिथे डोस वजनावर काटेकोर मोजतात, यकृताच्या तपासण्या करतात आणि क्लोबाझाम किंवा व्हॅल्प्रोएट चालू असेल तर जास्त सावध राहतात. सीबीडी हे खरं औषध आहे. आणि खऱ्या औषधाचे परिणाम, दुष्परिणाम आणि इतर औषधांशी होणारी भांडणं सगळीच खरी असतात.

त्यात लेबलचाही भरवसा नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत ऑनलाइन विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादनं तपासली. त्यातल्या जेमतेम ३१ टक्क्यांत सीबीडीचं प्रमाण लेबलप्रमाणे होतं आणि १८ उत्पादनांत टीएचसी सापडलं. आजीला 'नशा न येणारं' म्हणून दिलेल्या तेलाने तिला गरगरलं, ती पडली आणि खुब्याचं हाड मोडलं, असं होऊ शकतं.

मी तेल त्याच दिवशी बंद करायला सांगितलं. वॉरफॅरिनचे दोन डोस चुकवले, आयएनआर पुन्हा पुन्हा पाहिला. सर म्हणाले, "मग गोळीचा डोस कायमचाच कमी करू या ना?" तो दुसरा धोका झाला असता. सीबीडी शरीरातून निघून गेल्यावर यकृत पूर्ववत काम करू लागतं आणि कमी केलेला डोस अपुरा पडतो. मग झडपेवर गुठळी. म्हणून पुढचे चार आठवडे दर काही दिवसांनी रक्त तपासून आम्ही हळूहळू जुन्या डोसवर आलो. त्या चार आठवड्यांत रात्री फोन वाजला की मला आधी सर आठवायचे.

झोपेचं कारण मग निवांत बसून शोधलं. संध्याकाळी सहाला घेतली जाणारी लघवीची गोळी त्यांना रात्री तीनदा उठवत होती. ती सकाळी केली, दुपारची लांबलचक झोप कमी केली, साडेचारनंतरचा चहा बंद केला. झोप पुष्कळ सुधारली. हे मी पहिल्या दिवशी पाच मिनिटं देऊन विचारलं असतं, तर बाटली उघडलीच नसती.

आता तुमच्यासाठी

१. 'हेम्प सीड ऑइल' आणि 'सीबीडी ऑइल' या वेगळ्या गोष्टी आहेत. बियांच्या तेलात सीबीडी आणि टीएचसी जवळजवळ नसतं. आपल्याकडे २०२१ पासून बिया, बियांचं तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून परवानगी आहे. फुलांच्या अर्काला ती परवानगी लागू नाही.

२. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गांजाचे फुलोरे आणि राळ यांवर बंदी आहे. पानं त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून 'विजया' नावाची आयुर्वेदिक औषधं परवान्याने आणि वैद्यांच्या चिठ्ठीवर मिळतात. परदेशात कायदेशीर असलेली बाटली सामानातून इथे आणली की ती इथे कायदेशीर ठरत नाही. मुलांनी प्रेमाने आणली असली तरीही.

३. रक्त पातळ करणारी गोळी, फिट्सची औषधं, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं, हृदयाच्या ठोक्यांची औषधं किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील, तर गांजापासून बनलेलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. 'विजया'सुद्धा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी अजिबात नको.

४. आधीच घेत असाल तर लपवू नका आणि इतर औषधांचे डोस स्वतः बदलू नका. बाटली दाखवा. आम्ही रागावणार नाही. रागावलोच तर डॉक्टर बदला, पण सांगा.

५. नैसर्गिक वास हा सुरक्षिततेचा दाखला नाही. लिमोनीन आणि लिनॅलूल हवेत राहून जुनी झाली की त्यांच्यापासून बनणारी रसायनं काहींच्या त्वचेला ॲलर्जी आणतात. आणि असली तेलं गरम करून फुफ्फुसात ओढणं तर नकोच. अमेरिकेत २०१९-२० मध्ये टीएचसीच्या भेसळयुक्त व्हेपमुळे फुफ्फुसं निकामी होण्याची साथच आली. २,८०० हून अधिक जण रुग्णालयात गेले आणि ६८ जण दगावले. तिथे मुख्य दोषी ठरलं ते मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट, ज्याचा वास कुणाला आला नव्हता.

त्या दिवसापासून मी पेशंटला 'दुसरी काही औषधं चालू आहेत का?' एवढंच विचारून थांबत नाही. तेल, थेंब, चहा, पावडर, वाफ, कुणी परदेशाहून आणलेलं काही, अशी यादीच वाचतो. बरेच जण 'औषध नाही हो' म्हणतात आणि मग पिशवीतून काहीतरी काढतात. सुगंधी असलं, तर ते आधी कुठे जातं, कपाळावर की जिभेखाली, ते विचारतो.

सर अजून येतात. मागच्या महिन्यात आयएनआर २.९ होता. वहीत त्या पाच आठवड्यांच्या पानावर त्यांनी लाल शाईने समास सोडून लिहून ठेवलंय: 'सुगंधी तेल. डॉक्टरांना पूर्ण माहिती दिली नाही.' मी म्हणालो, "सर, हे खोडा. तुम्ही विचारलं होतंत. मीच पूर्ण ऐकलं नाही." त्यांनी ते खोडलं नाही. खाली माझ्याकडून सही मात्र करून घेतली.